80 मीटर म्हणजे आळस नव्हे

गेल्या महिन्यात पुण्यातल्या संभाजी उद्यानात आमच्या पोकेमॉन गो खेळणाऱ्यांच्या घोळक्यात जुनाच वाद नव्याने पेटला. नुकत्याच आलेल्या एका मुलीने सहज सांगितलं की ती बहुतेक रेड, म्हणजे जमून खेळायच्या लढती, घरूनच खेळते. त्यावर एक इंजिनिअर मुलगा, भारतात खेळ अधिकृतपणे यायच्या आधीपासून एपीके, म्हणजे खेळाची फाइल, परस्पर उतरवून खेळणारा, म्हणाला, "चालायचंच नसेल तर हा खेळ कशाला? घरी बसून ल्युडो खेळा की." झालं, लगेच दोन तट पडले. कोरोनाने खेळाचा जीवच काढून घेतला, असं एका तटाचं म्हणणं. आम्ही पैसे मोजतो, तेव्हा आम्हाला हवा तसा खेळू, असं दुसऱ्याचं. तासभर भांडण झालं. दोन्ही बाजूंनी दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या होत्या, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. हा वाद फक्त आमच्या घोळक्यातला नाही. 2020 पासून जगभरचे खेळाडू तो घालताहेत, आणि बहुतेक ठिकाणी तो असाच वाईट घातला जातो, म्हणून हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. नकाशावरचं ठिकाण, म्हणजे 'स्टॉप', जितक्या दुरून वापरता येतं ते अंतर साथीच्या काळात 40 मीटरवरून 80 मीटर झालं, ते योग्य झालं. साथ आली नसती तरी ते व्हायला हवं होतं. घरून रेड खेळण्याची सोय ही निराळी बाब आहे. तिला मर्यादा असावी हे मला मान्य आहे, पण ती मर्यादा खिशाला लावलेली नसावी. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय 'चालणं विरुद्ध आळस' हे भांडण संपायचं नाही.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोनमधला नकाशा म्हणजे आपल्याच गावाचा नकाशा. त्यावर देवळं, पुतळे, पार, भिंतींवरची चित्रं अशा जागी 'स्टॉप' आणि 'जिम' असतात. तिथवर गेलं की सामान मिळतं, आणि जिमवर चारसहा जणांनी मिळून एखादा बलाढ्य पोकेमॉन हरवायचा, त्याला रेड म्हणतात. नायँटिक या कंपनीने हा खेळ जुलै 2016 मध्ये बाजारात आणला, भारतात तो डिसेंबर 2016 मध्ये आला. मार्च 2020 मध्ये जग घरात कोंडलं गेलं तेव्हा कंपनीने एकामागून एक नियम सैल केले. पोकेमॉनना आपल्याकडे खेचणारा धूप खेळातल्या 1 नाण्याला 30 या भावाने मिळू लागला आणि तो तासभर जळू लागला, अंडी उबवायला निम्मं चालणं पुरू लागलं, लढतीसाठी असलेली चालण्याची अट गेली. पाठोपाठ रिमोट रेड पास आला, म्हणजे घरबसल्या दूरच्या जिमवर हजेरी लावण्याचं तिकीट. स्टॉप जितक्या दुरून वापरता येतो ते अंतरही दुप्पट झालं. ज्या खेळाचा पायाच 'घराबाहेर पडा' हा होता, तो काही आठवड्यांत घरात बसून खेळता येऊ लागला. ज्यांना हे जमलं नाही ते संपले. मायक्रोसॉफ्टच्या माइनक्राफ्ट अर्थने जानेवारी 2021 मध्ये कबूल केलं की मोकळं फिरणं आणि एकत्र खेळणं यावर बेतलेला आपला खेळ सध्याच्या परिस्थितीशी जुळत नाही, आणि 30 जून 2021 ला तो बंद झाला.

आता विरोधकांचं म्हणणं, आणि ते त्यांच्या सगळ्यात भक्कम रूपात. हा खेळ माणसाला चालायला लावतो, आपलंच गाव नव्याने दाखवतो, अनोळखी माणसांशी बोलायला लावतो. हे अगदी खरं आहे. जन्म पुण्यात जाऊनही पासोड्या विठोबा नेमका कुठल्या गल्लीत आहे हे मला धड माहीत नव्हतं. पेठांमधून फोन हातात धरून हिंडताना ते कळलं, आणि डुल्या मारुती, उंटाडे मारुती, पत्र्या मारुती ही नावं नुसती ऐकीव राहिली नाहीत. आमच्या घोळक्यात कॉलेजातली पोरं आहेत, एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, रिक्षा चालवणारे एक दादा आहेत. या माणसांची एरवी गाठ कुठे पडली असती? तेव्हा घरी बसून खेळलेल्या खेळात हे काही नाही, असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावेन.

पण या मुद्द्यावरून 40 मीटरवर उडी मारता येत नाही. खेळामुळे माणसं चालतात हे गृहीत धरून सगळे बोलतात, पण किती चालतात आणि किती दिवस? ब्रिटिश मेडिकल जर्नलने डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या 18 ते 35 वयाच्या खेळाडूंचा अभ्यास छापला होता. खेळ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात माणसं दिवसाला सरासरी 955 पावलं जास्त चालली. मग हा आकडा उतरत गेला आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं पूर्वपदावर आलं. त्या वेळी अंतर ऐंशी मीटर नव्हतं, घरून रेड खेळायची सोय नव्हती, कोरोना तर कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. माणसं नव्याच्या नवलाईने चालली आणि नवलाई ओसरल्यावर थांबली. जी टिकली ती मित्रांमुळे, गावाच्या ओढीमुळे, किंवा मुळात चालायची हौस होती म्हणून. मग शेवटच्या चाळीस पावलांवर एवढा जीव टाकण्याचं कारण काय? जो माणूस घरापासून दोन किलोमीटर चालत आला, त्याने रस्ता ओलांडून पुतळ्याला हात लावला नाही म्हणून त्याचं चालणं फुकट गेलं का?

ही चाळीस पावलं सगळ्यांसाठी सारखी नसतात, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. माझी आत्या नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. वय 68, दोन्ही गुडघे गेलेले, जिना लाकडी आणि अरुंद. 2020 च्या एप्रिलमध्ये गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकलेले होते. दूधसुद्धा पत्र्यावरून हातात घ्यावं लागे. मी फोनवरून शिकवून तिच्याकडून हा खेळ सुरू करून घेतला, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. कोपऱ्यावरच्या मारुतीचा स्टॉप तिला नकाशात दिसायचा, पण हाती लागायचा नाही, कारण तो थोडक्यात हुकत होता. मग एके दिवशी तिचा फोन आला. "अगं, तो निळा ठोकळा उघडला!" गॅलरीत खुर्ची टाकून, कठड्याला टेकून ती तिथूनच स्टॉपची चकती फिरवत होती. चकती फिरून जांभळी झाली की ती मला कळवायची, रोज सकाळी, पूजा झाल्यावर. पेठेतल्या दाटीत जीपीएसही भरकटतं. ती बसलेली असे आणि फोनमधली बाई मात्र आपसूक बोळातून फेऱ्या मारत असे. त्याचं तिला भारी कौतुक. "मी नाही तर निदान ही तरी फिरतेय," म्हणायची.

साथ गेली, पत्रे निघाले. आत्याचे गुडघे मात्र तसेच राहिले. ज्यांच्या दाराला कोरोनाच्या आधीही पत्रे होते आणि नंतरही राहिले, त्यांच्याबद्दल या वादात कुणी बोलतच नाही. व्हीलचेअरवरचा माणूस पुण्यातल्या फुटपाथवरून किती अंतर सलग जाऊ शकतो? मध्येच डीपी, मध्येच झाडाचा पार, मध्येच गाड्या लावलेल्या, आणि फुटपाथ संपतो तिथे वीतभर उंचीची पायरी. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होऊ लागला. हे सगळं चांगलंच आहे. पण वर्षातला एक दिवस रस्ता पायी चालणाऱ्यांचा असावा लागतो, यातच उरलेले दिवस तो कुणाचा असतो हे आलं. अशा शहरात 'थोडं पुढे चालत जा ना' हा सल्ला धडधाकट पायांचा माणूसच देऊ शकतो.

आणि बाईमाणसाचं काय? रात्री नऊ वाजता नदीपात्रातल्या रस्त्याला एखादा जिम उजळतो. मुलगे दुचाकी काढून निघतात. मी निघत नाही. अंधारात एका जागी उभं राहून, मान खाली घालून, पाच मिनिटं फोनवर बोटं आपटत राहणं हे मला परवडणारं नाही. पण रस्त्याच्या दिव्याखाली, चहाच्या टपरीजवळ, चार माणसांत उभं राहून मला तोच जिम मिळत असेल तर मी जाते. माझ्यासाठी 80 मीटर म्हणजे कुठे उभं राहायचं हे ठरवायची मुभा. यात घरी बसणं आलं कुठून? उलट याच अंतरामुळे मी बाहेर पडते. देवळांचंही तसंच. 2016 मध्ये या खेळातली अंडी देवस्थानांच्या जागी दिसतात म्हणून भावना दुखावल्याची तक्रार गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. देवळाच्या पायरीवर फोन नाचवण्यापेक्षा रस्त्याच्या पलीकडून काम होत असेल, तर ते देवळात आलेल्यांसाठी आणि खेळणाऱ्यांसाठी दोघांसाठीही बरं.

"पण ही तर आपत्कालीन सवलत होती. आपत्ती संपली, सवलत संपायला हवी." हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेते, कारण पुण्याला याचा कडू अनुभव आहे. 1897 मध्ये प्लेगसाठी साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली घराघरांत घुसून तपासण्या झाल्या आणि त्याचा शेवट गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडण्यात झाला. प्लेग गेला, कायदा राहिला, आणि 123 वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, तोच कायदा आपल्यावर पुन्हा लागू झाला. संकटात केलेले नियम संकटानंतर चिकटून बसतात, ही भीती खरी आहे. पण या उदाहरणातून नेमकं काय सिद्ध होतं? नियम कधी जन्मला यावरून त्याची पारख होत नाही. तो कुणाचा हात धरतो आणि कुणाचा पिरगाळतो यावरून होते. 1897 च्या कायद्याने लोकांची दारं सरकारसाठी उघडली. 80 मीटरने कुणाचं काय हिरावून घेतलं? ज्याला पुतळ्याला खेटून उभं राहायचं आहे त्याला कोण अडवतंय?

कंपनीलाही हे लगेच उमगलं नव्हतं. 1 ऑगस्ट 2021 ला अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये तिने अंतर पुन्हा 40 मीटर केलं. जगभरच्या खेळाडूंनी निषेध केला, कित्येकांनी खेळणं थांबवलं, आणि 25 ऑगस्टला कंपनीने 80 मीटर कायम ठेवत असल्याचं जाहीर केलं. आमच्या घोळक्यातले काही जण अजून याला 'झुंडशाही' म्हणतात. मला त्यात वापरणाऱ्यांनी आपली गरज ठणकावून सांगणं दिसतं. 'माणसांनी चालावं' या ध्येयामागे निव्वळ लोकांच्या तब्येतीची काळजी होती, असंही समजू नये. जुलै 2016 मध्ये जपानमधली मॅकडोनाल्डची सुमारे 2,900 दुकानं स्टॉप किंवा जिम झाली, आपल्याकडे खेळ आला तो रिलायन्सच्या दुकानांना स्टॉप आणि जिम करत. प्रायोजक पैसे मोजायचे ते दुकानाशी येणाऱ्या माणसांमागे. यात गैर काही नाही, धंदा आहे. फक्त त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊन गुडघे दुखणाऱ्या बाईला आळशी ठरवू नका.

आता रिमोट रेड. इथे मी विरोधकांच्या बऱ्याच जवळ आहे. घरून रेड खेळता येऊ लागल्यावर आमचा घोळका रोडावला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथे बाकावर बसायला जागा नसायची तिथे तिघं उरली. जपानमधल्या अनोळखी माणसाबरोबर रेड संपवायची, 'थँक यू' सुद्धा न म्हणता पुढच्या रेडवर जायचं, यात खेळ आहे पण सोबत नाही. जागेशी नातं तर नाहीच. 80 मीटरवर उभा असलेला माणूस त्या चौकात असतो, तिथल्या भज्यांचा वास त्याला येत असतो. रिमोट पासवाला तिथे नसतोच. म्हणून मी म्हणते की या दोन सवलती एका मापाने मोजू नका. एकीने माणसाला जागेपाशी येणं सोपं केलं, दुसरीने जागाच वगळली.

मग दुसरी बंदच करावी का? आपल्याकडे याहून फार मोठा दाखला आहे. 2020 च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, 2021 लाही तसंच झालं. पायी चालणं हाच जिचा प्राण, ती वारी दोन वर्षं बसमधून झाली. श्रद्धेची आणि खेळाची तुलना मी करत नाही, माणसाच्या सवयीबद्दल बोलते आहे. 'एकदा सोय मिळाली की कुणी परत चालणार नाही' हे भाकीत खरं असतं तर 2022 मध्ये काय दिसलं असतं? प्रत्यक्षात लाखो माणसं पुन्हा पायी निघाली आणि दिवे घाट पुन्हा माणसांनी भरून वाहिला. एसटीचं तिकीट कुणी दुप्पट केलं नव्हतं. चालण्यात जे मिळतं ते बसमध्ये मिळत नाही हे चालणाऱ्याला ठाऊक होतं, एवढंच. आणि जी म्हातारी थेट एसटीने पंढरपूर गाठते, तिला कुठला वारकरी म्हणतो की माउली, तुझं दर्शन खोटं?

याउलट कंपनीने काय केलं ते बघा. 6 एप्रिल 2023 पासून एका रिमोट पासची किंमत 100 नाण्यांवरून 195 झाली, तीन पासांची 300 वरून 525, आणि दिवसाला पाचाहून जास्त रिमोट रेड खेळायच्या नाहीत अशी मर्यादा आली. तेव्हाची पाचाची मर्यादा मला पटते. ती सगळ्यांना सारखी लागायची, दिवसभर लोळत खेळणाऱ्याला आवरायची, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला पाच पुरेशा व्हायच्या. किंमत मात्र गरज बघत नाही, खिसा बघते. आणि यात एक असा पेच आहे की ज्यावर आमच्याकडे कुणी बोललंच नाही. फुकट नाणी मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे जिमवर आपला पोकेमॉन ठेवणं, दर 10 मिनिटांना 1 नाणं, दिवसाला जास्तीत जास्त 50. तो ठेवायला जिमजवळ जावं लागतं. म्हणजे ज्याला बाहेर पडता येतं तो चार दिवसांत रिमोट पास फुकटात मिळवतो, आणि ज्याला बाहेर पडता येत नाही, ज्याच्यासाठी ही सोय आहे, त्याला रुपये मोजावे लागतात. आमचा इंजिनिअर मित्र या दरवाढीला 'सुधारणा' म्हणतो. कुणाची सुधारणा? आमच्या बाकावर त्या वाढीनंतर एकही जुना माणूस परत आला नाही. जे परवडत नव्हतं म्हणून गेले, ते खेळच सोडून गेले.

आणखी एक गोष्ट. 25 आणि 26 जुलै 2020 ला गो फेस्ट, म्हणजे या खेळाचा वार्षिक मेळावा, पहिल्यांदाच सगळ्या जगासाठी घरूनच झाला. आधी तो शिकागो, डॉर्टमुंड, योकोहामा अशा ठिकाणी व्हायचा, म्हणजे आपल्यासाठी नसल्यातच जमा. पुण्यातला दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन 23 जुलैला नुकताच संपला होता. त्या शनिवारी आमच्या घोळक्यातले सगळे, आत्यासकट, आपापल्या गॅलरीत आणि गच्चीत होते, आणि फोनवर एकमेकांना ओरडून सांगत होते. वाई-लातूरसारख्या गावांत रेडसाठी पाच माणसं जमवणं किती कठीण असतं हे तिथल्यांना विचारा. मोठ्या शहरातला, मोठ्या घोळक्यातला, स्वतःची दुचाकी असलेला खेळाडू 'खरा खेळ' कशाला म्हणायचं ते ठरवतो, आणि बाकीच्यांनी त्या मापात बसायचं, असं किती दिवस चालणार?

मापं तरी कुठे धड आहेत? साथीत कम्युनिटी डे, म्हणजे दर महिन्याचा खेळाचा खास दिवस, सकाळी 11 ते संध्याकाळी 5 असा सहा तासांचा झाला होता. एप्रिल 2022 पासून तो पुन्हा तीन तासांचा झाला, दुपारी 2 ते 5. पुण्यातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोण शहाणा माणूस रस्त्यावर चालतो? सावली म्हणून बागेत जावं तर आमच्या जवळच्या बागेला चारपर्यंत कुलूप. लोकांनी चालावं असं मनापासून वाटत असेल तर पहिली मागणी ही करायला हवी, की वेळ त्या त्या गावच्या उन्हाप्रमाणे ठरवा. दुसरी, घरून खेळणाऱ्यांनाही नाणी मिळवायचा मार्ग द्या. 2025 मध्ये नायँटिकने आपले खेळ स्कोपली या कंपनीला साडेतीन अब्ज डॉलरला विकायचं ठरवलं. मालक बदलतात, मागण्या आपणच पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

गल्ली क्रिकेटचे नियम आपण सगळ्यांनी जागा बघून केले आहेत. समोर काच असेल तर उंच मारला की आउट, बोळ अरुंद असेल तर एक टप्पा एक हात. म्हणून कुणी म्हटलं नाही की हे क्रिकेटच नव्हे. घोळक्यासाठीही मी असाच एक नियम सुचवला आहे. बुधवारी संध्याकाळी 6 ते 7 हा रेडचा तास असतो. ज्यांना जमेल त्यांनी बागेत यायचं, आणि आलेल्यांपैकी दोघांनी घरून रेडला बोलवायची आपली आमंत्रणं बाहेर पडता न येणाऱ्या आपल्याच माणसांसाठी राखून ठेवायची, अनोळखी जपान्यासाठी नाही. इंजिनिअर मित्राला रिमोटचं अजून पटलेलं नाही, 80 मीटरचं बरंचसं पटलं आहे. बाकीचं बुधवारी बोलू. आत्याने पास घेऊन ठेवला आहे.